आईचे रडणे

माझी आई गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्यासाठी आलेल्या बायकांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडापासूनच गळे काढले. त्याच वेळी ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचे बोलणे माझ्या कानावर आले. एक म्हणाला, हिच्यासाठी लोक एवढे रडतात, पण ही स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाला टिपूस न काढता बसली होती. दुसरा म्हणाला, काही बायकांचे काळीज दगडाचेच असते. मी उठून आत गेलो. उत्तर देता आले असते, पण घरात प्रेत असताना सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आता मी शिकवतो त्या शाळेला सुटी आहे आणि घरात मी एकटाच आहे. म्हणून ती सावकाश लिहून काढतो.

एके काळी तापीकाठच्या आमच्या प्रकाशा गावात माझ्या आईसारखी रडणारी दुसरी बाई नव्हती. शहरातल्या वाचकाला हे वाक्य विचित्र वाटेल. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी बायका सुरात रडतात, आणि त्या सुरात बोलतात. गेलेल्याने काय खाल्ले, काय मागितले, कोणते काम अर्धे टाकले, हे सगळे त्यात येते. दुःखाला नवीन कोणी आले की दारात तिच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पुष्कळ बायकांचे शब्द ठरलेले असतात. आईचे तसे नव्हते. ती ज्याच्यासाठी रडे तो माणूस डोळ्यांपुढे उभा राही. भाऊबंदांत कोणी गेले की लोक आईला आधी बोलावीत. पुरुष बाहेर ओट्यावर बसलेले असत. आतून तिचा आवाज आला की त्यांचे बोलणे थांबे.

मी कॉलेजला पुण्याला होतो, तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगा राहायला आला. त्याचे आडनाव सांगितले की समोरचा माणूस चकित होई. त्याच्या वडिलांनी मूकपटांच्या पहिल्या दिवसांत स्वतःची कंपनी काढली होती. थोरला भाऊ पौराणिक चित्रपटांत देव होई. त्याची तसबीर कित्येकांच्या देवघरात होती. हा धाकटा. त्याच्या वाट्याला भालदार, ऋषिकुमार, गर्दीतला सैनिक अशी कामे आली होती. पुढे बोलपट आले, आणि वडिलांनी त्याला एका चित्रपटात नायक करून पाहिले. आवाज बारीक निघाला आणि चित्रपट आठवडाभरही चालला नाही. तेव्हा वडिलांनी त्याला शिक म्हणून वसतिगृहात आणून टाकले.

"आमच्या घरात दादा देव होतो," तो म्हणे, "आणि मी त्याच्या पालखीला खांदा देतो."

तो हसून सांगे, पण त्याला रात्रंदिवस एकच ध्यास होता. लोकांनी आपल्याला अमक्याचा मुलगा किंवा तमक्याचा भाऊ म्हणून नव्हे, तर आपल्यासाठी ओळखावे. माणसांची नक्कल मात्र तो अशी करी की अंगावर काटा येई. तो काही लिहून ठेवत नसे, आरशापुढे उभाही राहत नसे. एकदा पाहिलेले माणूस त्याच्या अंगात जाऊन बसे. आमच्या प्राध्यापकांचे खोकणे त्याने त्यांच्यासमोर केले, तेव्हा ते स्वतःच खिशात रुमाल शोधू लागले.

श्रावणात मी त्याला घरी घेऊन गेलो. नंदुरबारला उतरलो तर तापीला पूर होता. नावाडी नाव सोडायला तयार नव्हता, म्हणून अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी थांबावे लागले. तेवढ्यात त्याने आमची अहिराणी उचलली. घरी पोचून त्याने आईला तिच्याच बोलीत हाक मारली, तेव्हा ती मागे वळून पाहू लागली की हा गावातला कोण. माझी धाकटी बहीण म्हसावदला दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिला तर त्याने दिवसभर हसवले. शेवटी आई रागावली, पोटातल्या लेकराचा तरी विचार कर म्हणाली.

ते दिवस कानबाईचे होते. कानबाई आमची घरची देवी. तिच्या रोटाची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीची, चव ज्याच्या त्याच्या भाऊबंदांनाच. परक्याच्या तोंडात तो घास जात नाही. जेवणाच्या वेळी माझी काकू चुलीपाशी अडून राहिली. पाहुण्याला निराळे वाढू या, ती म्हणाली. तो समजून उठायलाही निघाला होता. आईने त्याला खाली बसवले आणि रोटाचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

"खाय," ती म्हणाली. "रोट खादा, आते तू पाव्हना नही. घरना शे."

वडिलांनी मान खाली घातली. काकू पुष्कळ दिवस कुरकुरत होती. तो मात्र पुण्याला परतताना वाटेत कोणाचीच नक्कल करत नव्हता. आपल्या घरी जेवायला बसले की कोण कुठे बसायचे ते कंपनीतल्या कामावरून ठरते, एवढेच तो म्हणाला.

कार्तिकात माझी बहीण बाळंतपणात गेली. मूलही राहिले नाही. मी घरी होतोच. माझ्या मित्राला मी कळवले आणि तो मिळेल त्या गाडीने आला. त्याने नदी ओलांडली, भर उन्हात घरापर्यंत चालत आला आणि ओट्यावर न थांबता सरळ आत गेला. परका पुरुष असता तर बाहेर बसला असता. दुःखाच्या दिवसांत माजघर बायकांचे असते. पण तो घरचा होता. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. तो दिवसचे दिवस तिच्याजवळ भिंतीला टेकून बसून राहिला. त्याचे डोळे सुजले होते. ते रडणे खरे होते. आजही मी त्याला खोटे म्हणत नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. म्हसावदची बाईमाणसे आली. आई दारात जाऊन रडू लागली:

"मन्ही बाय वं, आते मी कोनी वाट दखू वं..."

आणि रडता रडता, तोच सूर न तोडता, डोळ्यांवरचा पदरही न काढता, तिने काकूला सांगितले: "दूध झाकी दे वं, मांजर दखी ऱ्हायनी..." आणि लगेच पुन्हा लेकीकडे वळली. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. घर चालवणारी बाई दुःखातही घर चालवते. जन्मभर तिने असेच केले होते. मी मान वर केली तेव्हा माझा मित्र आईकडे पाहत होता. त्याचे ओठ किंचित हलत होते. तो देवाचे नाव घेतो आहे असे मला वाटले.

तो गेला. पुढे त्याची पत्रे विरळ झाली. एकदा त्याने कळवले की एक काम मिळाले आहे. छोटेच आहे, पण पहिल्यांदाच माझे स्वतःचे आहे. आईला मी ते वाचून दाखवले. तिने देवापुढे साखर ठेवली.

वर्षाने, मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या यात्रेत बोलपटाचा तंबू आला. घोड्यांच्या बाजारापलीकडे त्याचे इंजिन धडधडत असे. माझ्या मित्राचा चित्रपट लागला आहे अशी बातमी घेऊन गावातली पोरे आमच्याकडे आली. आईने आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. लेक गेल्यापासून ती यात्रेला, लग्नाला कुठेच गेली नव्हती. पण त्या दिवशी तिने स्वतःच गाडी जुंपायला सांगितली. मन्हा पोऱ्याचे काम आहे, ती वडिलांना म्हणाली. काकूही बरोबर आली. दिवे लागायच्या वेळी आम्ही तंबूत शिरलो. मध्ये कनात होती. तिच्या एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष जमिनीवर बसले.

चित्रपट शहरातल्या एका श्रीमंत घराचा होता. मध्यंतरानंतर घरधनी मरतो आणि खानदेशातून त्याची एक लोभी वहिनी येते. दारातूनच तिची नजर तिजोरीवर असते. ती वहिनी म्हणजे माझा मित्र. नऊवारी नेसलेला, नाकात मोठी नथ. त्याने पदर डोळ्यांवर ओढला आणि गळा काढला.

पहिल्या क्षणी तंबूत आनंदाची लाट उठली. पडद्यावर आपली बोली! लोक एकमेकांना ढोसू लागले. मलाही क्षणभर बरे वाटले. मग तो आवाज मी ओळखला. बारीक म्हणून ज्या आवाजाने त्याला नायक होऊ दिले नव्हते, तो आवाज आता आईचा झाला होता. श्वास घेण्याची तिची जागा, 'वं'वरची लांबण, हाताची मूठ छातीवर न मारता नुसती टेकवणे. शब्दही तेच. "आते मी कोनी वाट दखू वं..." आणि मग, तोच सूर न तोडता, पदर न काढता, मांजर आणि दूध.

तंबू फुटेल असे लोक हसले. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर थापा मारत होता. गोष्टीत पाहुणे एकामागून एक येत होते, आणि प्रत्येक पाहुण्याला ती वहिनी पुन्हा तसेच रडत होती. आता लोक दुधाची वाटच पाहत होते. शब्द यायच्या आधीच हसत होते. कनातीपलीकडून बायकांचे हसणे येत होते. सगळ्यांत आधी उठलेला आवाज काकूचा होता. मला उठून पलीकडे जायचे होते, पण पुरुषाला तिकडे जाता येत नव्हते. मी बसून राहिलो.

बाहेर आल्यावर गावातल्या एका माणसाने वडिलांना गाठले. "तुमना पाव्हनानी ते मजा करी दिन्ही," तो म्हणाला. वडिलांनी हात जोडले. काकू तोवर गप्प झाली होती. आई आधीच गाडीत जाऊन बसली होती. गाडी तापीच्या काठाने बरीच पुढे आली तेव्हा ती मला म्हणाली:

"तो मन्हं रडनं रडी ऱ्हायंता ना?"

मी हो म्हणालो.

तो चित्रपट सगळीकडे चालला. नंतर वर्तमानपत्रांत त्याचे नाव येऊ लागले आणि त्या नावामागे वडिलांचा किंवा भावाचा उल्लेख नसे. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याला भेटायला गेलो. स्टुडिओच्या फाटकावर माणसे त्याला बघायला उभी होती. मला पाहताच तो धावत आला, मिठी मारली, आत नेऊन चहा मागवला. मग स्वतःच म्हणाला की तू चिडला असशील असे वाटलेच होते.

मी विचारले, का केलेस?

त्याने जे सांगितले ते असे: ते काम त्याने पहिल्या दिवशी खरोखर रडून केले होते, माझ्या बहिणीची आठवण काढून. पण दूध आले तसे दिग्दर्शक हसला, दिवेवाले हसले, वरून वडील पाहत होते तेही हसले. त्याच्या कामाला वडील पहिल्यांदाच हसले होते. मग तसेच ठेवले.

"आणि कुणाला कळणार आहे रे, ती तुझी आई आहे म्हणून?"

"तिला कळलं. आम्ही सारंगखेड्याला पाहिला."

त्याने कप खाली ठेवला. तो शरमेल, निदान मान खाली घालील असे मला वाटले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर उत्सुकता आली, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखी.

"मग," त्याने विचारले, "आवडलं का त्यांना?"

मी चहा तसाच टाकून उठलो. तो फाटकापर्यंत हाका मारत आला. तिथे लोकांनी त्याला गराडा घातला आणि मी स्टेशनच्या रस्त्याला लागलो. त्यानंतर आमची भेट नाही. त्याचे पुढचे काही चित्रपट मी पाहिले आहेत. तो फार चांगला नट आहे, आणि हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

आई त्यानंतर कोणाच्याच दुःखाला गेली नाही. बोलावणे आले की गुडघे दुखतात म्हणून सांगे. लेकीच्या नावाने ती पूर्वी चुलीपाशी अधूनमधून हळू गळा काढी. तेही बंद झाले. एकदा मी म्हटले, आई, मन मोकळे कर. ती जात्यावर दळत राहिली. लेकीशी बोलायची तिला एकच रीत ठाऊक होती, आणि ती रीत आता तिची राहिली नव्हती.

मग वडील गेले. प्रेत ओट्यावर काढले. गल्लीच्या तोंडाशी परगावच्या बायकांचा गळा ऐकू आला. आता आईने दारात जायला हवे होते. सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती भिंतीशी बसून होती, डोळे कोरडे. काकू तिच्यापुढे बसली, तिचे खांदे धरून हलवू लागली. रड वं माय, म्हणाली, असे साठवून ठेवशील तर मरशील. लोक काय म्हणतील. आईने तिच्याकडे पाहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"मी रडसू ते लोके हासतीन."

काकूचे हात थांबले. तंबूतले तिला आठवले की नाही, मला ठाऊक नाही; मी कधी विचारले नाही. बायका दारापर्यंत आल्या होत्या. काकूने आईचा पदर डोक्यावरून पुढे ओढून तिचे तोंड झाकले, म्हणजे आतले कोणाला दिसू नये, आणि त्यांच्या गळ्यात पडायला ती एकटीच बाहेर गेली.