बसता गाडा

गुरुवारचा बाजार झाला की शुक्रवारी सकाळी माझ्या दुकानात एखादी तरी बाई येते आणि विचारते, "त्यो बसता गाडा तुमीच करता का?" मी मान हलवतो. मग ती म्हणते, "लई सोयीचा हाय बरं का." आपल्या कामाचं कौतुक ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला राग येतो. तिच्यावर नाही, माझाच मला. बायको म्हणते, गिऱ्हाइकाशी जरा नीट बोलत जा. तिला सगळं माहीत आहे, तरी म्हणते.

शेवगावच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आधी नगरच्या एमआयडीसीत बारा वर्षं काढली, मग इकडे आलो. खिडक्या, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड, उसाच्या ट्रॉलीची मोडतोड, असलं काम. ह्याच्या हातात कला आहे असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं. तिथंच घोळ झाला.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन वाढवलं तिनं. दुकानापासून दोन-तीन कोसांवरच्या गावात दिलेली. दोन एकर रान, विहिरीला पाणी असेल तितके दिवस मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार. दर गुरुवारी ती बाजारात बसायची, चिंचेच्या बुंध्याशी, मिरचीवाल्या मावशीच्या डाव्या हाताला. ती जागा आधी तिच्या सासूची. आमच्या बाजारात बाई काय विकते हे कुणी आधी विचारत नाही. विचारतात, "तुमी बसता कुठं?" आक्का सांगायची, "चिंचंखाली." त्यात तिचं घर, सासर, नाव सगळं आलं.

टेम्पो माल फाट्यावर उतरवायचा. तिथून चिंचेपर्यंत आक्का डोक्यावर पाटी घेऊन तीन खेपा करायची. एका दिवाळीच्या तोंडावर तिची मान धरली, हाताला मुंग्या यायला लागल्या. मी तिला नगरला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला आणि सांगितलं, डोक्यावरचं ओझं आजपासून बंद. येताना एसटीत ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बाजार तेवढा सुटाय नको, भाऊ. बाकी काई बी सांग."

"सुटतोय कशाला?" मी म्हटलं. "मी हाय ना."

त्याच आठवड्यात बायकोला घेऊन केडगावातल्या एका मोठ्या मॉलमध्ये किराणा भरायला गेलो. तिनं डाळ-तांदूळ बघितले, मी ढकलगाडी बघितली. दोन गोण्यांचं ओझं टाकलं तरी एका बोटानं वळत होती. मागची जाळी वर उचलली जायची, त्यामुळं एका गाडीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशा वीस गाड्या चार गाड्यांच्या जागेत. मी एक गाडी आडवी पाडली आणि चाकं कशी बसवलीत ते बघायला लागलो. सिक्युरिटीवाला आला, म्हणाला, "काका, काय हरवलं का?" बायको दोन रॅक पलीकडे जाऊन साबण बघत उभी राहिली, मी तिचा कुणी नाहीच असं दाखवत. पण माझं डोकं चालू झालं होतं.

पहिल्या गाड्याला मी तसलीच फिरती लहान चाकं लावली. मॉलमधल्या फरशीवर ती नाचत होती, आमच्या काळ्या मातीत दहा पावलं चालली आणि चिखल खाऊन गप्प बसली. शिव्या घालत सगळी उपटली. मग मागं जुन्या मोपेडची दोन चाकं घातली, पुढं लहान सायकलचं एक. ब्रेक सायकलचाच. वर छत्रीला नळी, खाली पाण्याच्या कॅनला कप्पा. भाजी गिऱ्हाइकाला समोर दिसावी म्हणून तीन पाट्या उतरत्या बसवल्या, आणि वाटेत खडखडू नयेत म्हणून फ्रेमला वेल्ड मारून पक्क्या केल्या. मूठ किती उंच ठेवायची म्हणून आक्काच्या कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी धरून माप घेतलं. मॉलवाल्यानंसुद्धा एवढं कुणाचं माप घेतलं नसेल, असं मी दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं.

माप घेताना आक्का म्हणाली, "भाऊ, ह्यो बसल का रं?"

मी म्हटलं, "आरामात बसेल. पन्नास किलो बसेल."

मेथी-वांगी सगळी बसेल का, असं ती विचारतेय असं मला वाटलं. माझ्या धंद्यात बसणं म्हणजे मापात बसणं. बिजागरी बसते, बोल्ट बसतो, माल बसतो.

भाऊबीजेला गाडा हिरवा रंगवून टेम्पोत घालून नेला. आक्कानं मला ओवाळलं, मग गाड्याला ओवाळलं, तिन्ही चाकांना कुंकू लावलं. एका हातानं अंगणभर फिरवून बघितला. "पिसावानी हाय," म्हणाली. मी फुगलो. मग मुठीवर हात ठेवून तिनं परत तेच विचारलं, "पन ह्यो बसल का, भाऊ?" मी हसलो. म्हटलं, "आक्के, किती येळा सांगू? बसतोय म्हनलं ना." तिनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "बरं" म्हणाली. ओवाळणी परत करायची नाही आणि भावाला त्या दिवशी हिरमुसू द्यायचं नाही, हे आमच्याकडच्या पोरींना कुणी न शिकवता येतं.

आता बाजाराची रीत सांगतो, जी मला चाळीस वर्षं बाजारात जाऊन माहीत नव्हती, कारण मी कधी विकायला बसलो नव्हतो. आत बसणारे बसतात. पोतं जमिनीला टेकलं की ती जागा तुमची. चाकावरचा माल तो फिरता माल, त्यानं बाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, केळी आणि कुल्फीच्या गाड्यांच्या रांगेत. बाजारपट्टीची पावती फाडणारा माणूस त्यात कुणाला सूट देत नाही. एक गाडा आत घेतला तर उद्या सगळे आत येतील, हे त्याचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही. दुसरी रीत अशी की, एक गुरुवार जागा मोकळी राहिली तर शेजारीण राखते. दुसरा गुरुवारही राखते. तिसऱ्या गुरुवारी जो पोतं टाकेल त्याची जागा.

आक्का गाडा घेऊन गेली. पावतीवाल्यानं बाहेर उभी केली. गाडा बाहेर ठेवून भाजी आत न्यावी, तर पाट्या मी वेल्ड मारून पक्क्या केलेल्या. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

दुसऱ्या गुरुवारी मी मुद्दाम बघायला गेलो. कुल्फीवाल्याच्या शेजारी आक्का उन्हात उभी. मी विचारलं, "बरं चाललंय ना?" ती म्हणाली, "झ्याक." मोबाईलवर फोटो काढताना मी तिला म्हटलं, इकडं बघ. ती सारखी आत चिंचेकडं बघत होती. मला वाटलं, लाजतेय. तो फोटो मी मोबाईलच्या स्क्रीनवर ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटलो.

महिनाभरानं मिरचीवाल्या मावशी तराजूची मोडलेली दांडी घेऊन दुकानात आल्या. मी हौसेनं त्यांनाही फोटो दाखवला. त्यांनी तो बघितला आणि मोबाईल माझ्याकडं परत सरकवला.

"तुमीच तिची जागा घालवली," त्या म्हणाल्या. "दोन बाजार मी राखली. तिला म्हनलं, बाई, गाडा ऱ्हाऊ दे घरी, थोडाच माल घेऊन ये पन पोतं टाक. तर म्हनली, भावाची ओवाळनी हाय, घरी कशी ठिवू? त्येला काय वाटल?"

मी विचारलं, "मग मला सांगितलं का न्हाई तिनं?"

"इचारलं व्हतं म्हने तुमाला. गाडा बसल का म्हनून."

 आक्का दोनदा विचारत होती, हा गाडा खाली बसेल का, मला बसणाऱ्यांत राहू देईल का. आणि मी तिला किलो सांगत होतो.

पुढच्या गुरुवारी मी बाजारात गेलो ते भांडायलाच. चिंचेखाली एक नवीन बाई शेपू-पालक घेऊन बसली होती, पाथर्डीकडची, दरसाल ऊसतोडीला जाणारी, यंदाच मागं राहिलेली. मान खाली घालून जुड्या बांधत होती. मी तिच्यावर आवाज चढवला. पावतीवाल्यावर चढवला. माणसं गोळा झाली. एवढ्यात आक्का आली, माझं मनगट धरलं आणि मला लहानपणी ओढायची तसं रस्त्यापर्यंत ओढत आणलं.

"तोंड मिट," म्हणाली. "तिची आयुष्यात पैली जागा हाय ती. तिनं कोनाची हिसकली न्हाई."

"मग आपन दुसरी बघू."

"कुठं? शेवटाला, मटनाच्या दुकानापाशी? मला चिंचंखाली हुडकत्यात लोकं, भाऊ. आन् मावशीसंगं भाकर खायची सवय."

ती उन्हाळ्यापर्यंत गाड्यापाशी उभी राहिली. मान बरी झाली, हे मला मान्य केलं पाहिजे. पण दिवसभर उभं राहून गुडघे सुजले, आणि उभ्या माणसाशी कुणी गप्पा मारत नाही, घासाघीस करून निघून जातं. पुढं तिनं माल बांधावरच टेम्पोवाल्याला द्यायला सुरुवात केली. गुरुवारी घरीच राहायला लागली. बाजार सुटाय नको, एवढं एकच तिनं मागितलं होतं, आणि तो माझ्यामुळंच सुटला.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. रात्रंदिवस तेच डोक्यात. एक लोखंडी दांडा असा बसवला की तो खाली दाबला की चाकं वर पोटात जातात आणि गाडा जमिनीवर टेकतो, अगदी वीतभर उंच. पाट्या सुट्या, एका हातानं उचलता येणाऱ्या. मूठ मागं दुमडते. गल्लीतून जावा म्हणून रुंदी पाटीएवढीच. एका ओळखीच्या बाईला तो देऊन मी स्वतः बाजारात गेलो. पावतीवाला वाकला, खाली हात घालून बघितला, चाक कुठं टेकलंय का ते तपासलं. मग उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "बसलाय खरा." आणि बसणारीची पावती फाडली. आता चार-पाच बाजारांत माझे गाडे बसतात. नावसुद्धा बायकांनीच पाडलं. बैल गेला आन् झोपा केला, तो झोपा मात्र सगळ्यांना आवडला.

ती पावती फाटल्यावर केलेला पहिलाच गाडा मी आक्काकडं नेला. भाऊबीज नव्हती, साधा सोमवार होता. ओवाळणी म्हणून तिच्या गळ्यात परत काही घालायची मला भीती वाटत होती. तिनं सगळीकडून बघितला, दांडा पायानं दाबला. चाकं पोटात गेली, गाडा अंगणात टेकला.

"बसला की रं," ती म्हणाली आणि खुदकन हसली.

"आक्के, चुकलं माझं," मी म्हटलं. एवढे दिवस ते तोंडातून निघत नव्हतं. "तू इचारत व्हतीस आन् मला कळलं न्हाई."

"मी बी नीट बोलले न्हाई," ती म्हणाली. "जाऊ दे." मग गाड्याकडं बघत म्हणाली, "आता ह्येला बसवू कुठं, ते सांग."

चिंचेखाली अजून ती शेपू-पालकवालीच बसत होती. ती आत गेली आणि चिंचेखालचं तिचं जुनं पोतं घेऊन आली. घडी घालून गाड्यामागं टाकलं, गुडघ्यावर हात देत सावकाश खाली बसली, पदर सारखा केला. रिकाम्या पाट्या तिच्यासमोर उतरत्या होत्या, पलीकडं अंगणाचं फाटक.

"बोला पाव्हनं," ती म्हणाली, "काय देऊ?"

"मेथीची जुडी द्या एक."

तिनं पाटीच्या कडेवरून हात फिरवला.

"मेथी न्हाई," म्हणाली. "गुरुवारी या. चिंचंखाली."