गार हात लावू नयेत

गोकुळदासभाईंच्या सेवेची किंमत मी एकदाच मोजली. बत्तीस वर्षांत रत्नागिरीबाहेर एक मुक्काम नाही. लेकीचं लग्न खेडला झालं. कन्यादान धाकट्या काकांनी केलं. लेक मीराताई आजही हसून म्हणतात, "आम्ही दोन भावंडं. धाकटा काही मोठाच होत नाही!"

तो धाकटा म्हणजे आमच्या हवेलीतले, म्हणजे पुष्टिमार्गी देवळातले, बाळकृष्ण. भाईंची माझी ओळखही त्यांच्याच दारात झाली. मी तेव्हा भाट्याहून सायकलवर नारळ आणून विकत असे. भर दुपारी कडी वाजवली, तर भाई ओठांवर बोट ठेवून बाहेर आले. "हळू हो! आत्ताच निजलेत." नातू असेल, म्हणून पायरीवर ताटकळलो. पडदा सरला, तर वीतभर मूर्ती!

"देव झोपतो होय?"

"तुम्ही नाही झोपत?" म्हणाले, आणि प्रसादाचं पान पुढे ठेवलं. "आधी जेवा, मग भाव करा."

पुढे मी दीक्षाही घेतली, ती त्या पानामुळेच. श्रीवल्लभाचार्यांनी घर सोडायला सांगितलं नाही. घरच देवाचं करायला सांगितलं. मी हे प्रवचनांत ऐकलं. भाईंकडे ते दुधाच्या वाटीत दिसतं.

यंदाच्या थंडीत भाईंचा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन केलं नाही तर चालणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. भाई तयार होईनात. "ह्यांना कोण उठवणार?" आमची मुलं मुंबईहून येतात, दर्शन घेतात, फोटो काढतात, जातात. आम्ही उरलेले सगळे दमलेले. शेवटी सभेत मीच छाती ठोकली, "पंधरा दिवस काय, वर्षभर करीन! पहाटे चारला उठून धंदा उभारलाय मी."

भाईंनी एकच गोष्ट तीनतीनदा शिकवली. उठवण्याआधी हात निखाऱ्यावर शेकून घ्यायचे. "गार हात लावू नयेत, बाबूशेठ. दचकतात."

ऑपरेशन नीट झालं. अकराव्या दिवशी भाई वॉकर टेकत हवेलीत परतले. डॉक्टर रागावले, मीराताई रडल्या. भाईंनी आधी हात शेकले.

भाई, आज तुमची पंचाहत्तरी झाली; शंभरीही तुमच्या पायांवर उभी राहून होवो. तुमच्यामागे कोण, ह्याचं उत्तर आमच्यापाशी नाही, म्हणून हे मागणं निव्वळ प्रेमाचं नाही.

वर्षभर करीन म्हणणाऱ्या मला तिसऱ्याच दिवशी जाग आली, तेव्हा सात वाजून गेले होते.