कान पिळायचा मान

ताईच्या लग्नात नवरदेवाचा कान कोणी पिळायचा, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी खुद्द नवरदेवावरही झाली नव्हती. मंगलाष्टकं आटोपली, होम झाला, की नवरीचा भाऊ पुढे येतो आणि नवरदेवाचा कान धरून पिळतो. बहिणीला नीट वागव, नाहीतर मी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग वरपक्षाने भावाला कपडे द्यायचे आणि भावाने कान सोडायचा. त्या भावाने नवरीला आयुष्यभर जपलं की छळलं, हे कोणी विचारत नाही. भाऊ असला म्हणजे झालं.

ताई माझी मावसबहीण. तिला सख्खा भाऊ नाही. उमेदवार दोन होते. एक तिचा उमरेडचा चुलतभाऊ, गोरा, उंच, भांग पाडलेला, कुठल्याही लग्नाच्या फोटोत शोभेल असा. दुसरा मी.

माझी अडचण अशी की माझी आई इथल्या कोष्ट्यांच्या घरातली आणि वडील टांझानियाचे. ते शेतकी शिकायला नागपूरला आले. इथला एक मे महिना काढला की पळून जातील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी लग्न केलं, जरीपटक्यात घर भाड्याने घेतलं आणि एका खाजगी शाळेत गणित शिकवू लागले. माझा रंग त्यांचा, केस त्यांचे. नाक कोणाचं यावर दोन्ही घरांत मतभेद आहेत. बोलणं मात्र पूर्ण आजोळचं.

ताईने घरात जाहीर करून टाकलं, "कान यानंच पिळायचा. नाही तं मी बोहल्यावरून उठते."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, डोक्याला हात लावून बसले. "त्याले नाही कोण म्हणते वं? पण पाहुण्यायले सांगाचं काय?"

"भाऊ हाय म्हणून सांगाचं."

"सांगता येते. पण पायल्यावर लोकायचा इश्वास तं बसला पायजे न."

काकांचा राग यावा असं त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. मलाही आरशात पाहिल्यावर कधी कधी विश्वास बसत नाही. पण ज्या घरात मी लहानपणी दर उन्हाळ्यात जमिनीवर लोळलो, ताईच्या हातचे धपाटे खाल्ले, तिच्या शिकवणीला जाताना सायकलवर मागे बसून तोल घालवला, त्या घरात मी भाऊ आहे की नाही हे चारशे लोकांसमोर ठरणार होतं. मला तो कान हवा होता.

लोकांचा विश्वास न बसणं ही माझी जुनी कमाई आहे. गल्लीत क्रिकेट सुरू झालं तेव्हा पोरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नवा चेंडू थेट माझ्या हातात दिला. असा दिसणारा माणूस जोरातच टाकणार, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं. मलाही ते पटलं. मी लांबून धावत आलो, हात गरगर फिरवला आणि चेंडू भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर पडला. दुसराही तिथेच. कप्तान जवळ येऊन म्हणाला, "दिसतो वेस्ट इंडीज न टाकतो पापडावर. काहून बे?" त्यानंतर मला यष्टिरक्षकाच्या मागे उभं केलं. तिथे चेंडू आणण्याचं काम होतं.

थोडा मोठा झाल्यावर मला नवा धंदा सापडला. दुकानात, बसमध्ये, बँकेत लोक माझ्याशी इंग्रजीत सुरुवात करायचे. मी त्यांना दोन वाक्यं बोलू द्यायचो आणि मग म्हणायचो, "काकाजी, मले मराठीत सांगा न, डोक्यात घुसून नाही राहिलं." समोरच्याचा जो चेहरा व्हायचा! "अबे, हा तं आपल्यासारखा बोलून राहिला!" मग चहा, मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला पुन्हा बोलायला लावणं. मला याची चटकच लागली. नागपुरी बोली जितकी घट्ट करता येईल तितकी मी केली. भाजीबाजारात जे शब्द आजोबांच्या पिढीनेही सोडून दिले होते ते मी वापरायचो. भिवापुरी मिरचीचा ठेचा चमच्याने खाऊन दाखवायचो आणि नंतर घरी येऊन बर्फ चोखत बसायचो.

एकदा आई माझ्यासोबत गांधीबागेत कापड घ्यायला आली होती. दुकानात माझा प्रयोग तिने शांतपणे पाहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "घरी तं तू असा नाही बोलत. कोणासाठी बोलतो गा एवढं?"

मी तिच्या हातातली कापडाची पिशवी घेतली आणि रिक्षा शोधू लागलो.

कॉलेजात मी दुसरीकडून प्रयत्न करून पाहिला. आफ्रिकेतून शिकायला आलेली काही मुलं वसतिगृहात होती. त्यांच्यात जाऊन बसलो. केस वाढवले, चालण्यात जरा झोक आणला, फुटबॉलला गेलो. फुटबॉलमध्ये मी क्रिकेटइतकाच चमकलो. ती मुलं चांगली होती; पण घरमालकाशी वाद झाला, रिक्षेवाल्याने जास्त मागितलं, की मला फोन करायची. त्यांच्यासाठी मी इथला स्थानिक माणूस होतो. पुढे वडिलांच्या गावी एकदाच गेलो, तर तिथली पोरं माझ्यामागे "म्हिंदी, म्हिंदी" ओरडत धावली. म्हणजे भारतीय. वडील हसले आणि हिंदीत म्हणाले, "वहाँ भी मेहमान, यहाँ भी मेहमान. बढ़िया है, दोनों जगह खाना मिलेगा." गणिताच्या माणसाकडून मी याहून चांगल्या उत्तराची अपेक्षा ठेवली होती.

तर लग्न. ताईच्या हट्टापुढे काका नमले. कान मला मिळाला. चुलतभाऊ राखीव.

एवढा मान मिळाल्यावर शहाणा माणूस शर्ट-पँट घालून, वेळेवर मांडवात उभा राहिला असता. मी ठरवलं की वरपक्षाला शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही. धोतर नेसलो. वर सदरा. भगवा फेटा बांधून घेतला. पायात करकरणाऱ्या चपला. कपाळाला गंध. आरशात पाहून मला वाटलं, याच्याहून इथला माणूस इथे मिळणार नाही. एक गोष्ट ध्यानात आली नाही. अशा पोशाखात आता आमच्या गावच्या लग्नात दोनच माणसं दिसतात. एक नवरदेव आणि दुसरा परदेशी पाहुणा.

मंगल कार्यालयाच्या दारात नवरदेवाच्या मामांनी मला धरलं. जाड मिशा, हातात अत्तरदाणी, चेहऱ्यावर कमालीचा आनंद. "वेलकम, वेलकम सर! विच कंट्री?"

इथे मी नेहमीचं वाक्य टाकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक नाटकी विचार आला. आत्ता कशाला वाया घालवायचं? कान पिळताना सगळ्यांसमोर बोलू. केवढा धमाका होईल! म्हणून मी मान झुकवली आणि म्हणालो, "टांझानिया."

मग जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. मला वरपक्षाच्या बाजूला, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, मामांच्या शेजारी बसवलं. शेला पांघरवला, नारळ दिला. माईकवर घोषणा झाली की आपल्या नवरदेवाच्या लग्नाला सातासमुद्रापलीकडून पाहुणे आले आहेत. टाळ्या पडल्या. पंगतीतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मला मात्र बशीत जिलबी आणि दहीभात आणून दिला. "साहेबाले तिखट चालत नाही," मामांनी वाढप्याला बजावलं. खरे परदेशी, म्हणजे माझे वडील, साध्या पँट-शर्टात पार्किंगपाशी एका ड्रायव्हरशी हिंदीत भांडत होते. त्यांना कोणी विच कंट्री विचारलं नाही.

मला काही समजत नाही अशा खात्रीने मामा पलीकडच्या माणसाशी मोकळेपणाने बोलत होते. "नवरीचा भाऊ येईन आता कान पिळाले. त्याले एक रुमाल देतो न वाटेला लावतो. कपडे गाडीतच राहू दे."

मी दहीभात गिळला.

होम झाला. गुरुजींनी माईक घेतला. "मुलीच्या भावाने पुढे यावं."

बोहल्याजवळ आमची मंडळी इकडेतिकडे पाहू लागली. काका दाराकडे धावले, परत आले. वरपक्षाच्या सोफ्याकडे पाहायचं त्यांना सुचलंच नाही; मी आलोच नाही, असाच त्यांचा समज झाला. "कुठं गेला तो? ऐन वेळेवर!" मग चुलतभावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा बापा, तूच जा."

ताईची नजर भिरभिरत शेवटी सोफ्यावर येऊन थांबली. शेला, नारळ, बशीत अर्धी जिलबी. तिने डोळे बारीक केले. लहानपणी त्यानंतर धपाटा यायचा.

मी उठू लागलो. मामांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. "सिट, सिट सर! दिस इज अवर कस्टम. ब्रदर कमिंग, इअर ट्विस्टिंग. व्हेरी नाइस. वॉच!"

चुलतभावाचा हात नवरदेवाच्या कानापाशी पोचला होता. धमाका कसा करायचा, कोणत्या वाक्याने सुरुवात करायची, हे मी सोफ्यावर बसल्यापासून ठरवत होतो. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"अबे थांब! हात काढ! माही ताई हाय ते, कान मी पिळतो!"

चौघडा वाजवणाराही थांबला. मी नारळासकट सोफ्यावरून उठलो, धोतरात पाय अडकला, सावरलो आणि बोहल्यावर चढलो. मागून मामांचा आवाज आला, "अरे बापा! साहेब तं नवरीकडचा निंगाला!"

चुलतभाऊ हसत बाजूला झाला. मी नारळ त्याच्या हाती दिला आणि कान धरला. ताई ओठ न हलवता म्हणाली, "कुठं मेला होता? आता सोडू नको."

नवरदेव कळवळला. "भाऊ, हळू."

मामा मिशीवर हात फिरवत वर आले. आता त्यांच्या तोंडी ना सर होतं ना इंग्रजी. "सोड गा कान. तुहं तं सारं होऊन गेलं. शेला घेतला, नारळ घेतला, जिलबी खाल्ली. अजून काय पायजे?"

"ते परदेशी पाहुण्याचं होतं, मामा. भावाचं बाकी हाय."

"दोघं एकच तं हाय न तुम्ही!"

लोक हसले. दोघं एकच की वेगळे, या बाबतीत माझं इतक्या वर्षांत काही ठरलेलं नाही. तेवढ्यात काका पुढे आले, सदऱ्याच्या बाह्या सरसावत, चारशे लोकांकडे पाठ करून. "एक असो का दोन, कान आमच्या पोराच्या हातात हाय. काढा कपडे."

"बरं, हा घे." मामांनी खिशातून रुमाल काढला.

"रुमाल नाही चालत," मी म्हणालो. "कपडे गाडीत हाय ते मले माहीत हाय."

मामांनी आधी माझ्याकडे, मग सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर आपण काय काय बोललो ते बहुधा त्यांना एकेक करून आठवत असावं. मग ते मोठ्याने हसले आणि गाडीकडे माणूस पाठवला. तोपर्यंत दोन्हीकडून बरंच बोलून झालं. नवरीकडचे हावरट निघाले, नवरदेवाकडचे चिक्कू निघाले, नवरदेवाचा कान तर लाल झाला. माझा रंग, केस, धोतर यांवर कोणी एक शब्द काढला नाही. भांडायला तेवढा वेळच नव्हता. कपडे आले, मी कान सोडला.

जेवायला पंगतीत बसलो तेव्हा वाढप्याने मला पाहून पुन्हा दहीभाताचं भांडं पुढे केलं. मागून मामा ओरडले, "अबे, त्याले काहून दही देतो? वांग्याची भाजी वाढ. वरची तर्री घाल. अजून घाल!"

लालभडक तर्री पानभर पसरली. मामा समोर येऊन उभे राहिले, हात कमरेवर. मी पहिला घास घेतला. कान गरम झाले, नाक वाहू लागलं. दुसऱ्या घासाला फेटा काढून ठेवला.

"पाणी," मी म्हणालो.

"पाणी फॉरेनरले भेटते," मामा म्हणाले, आणि वाढप्याला पुन्हा हाक मारली.