साठावी होडी

माझ्या सासऱ्यांच्या मोबाईलमध्ये होडीचा एक खेळ आहे. त्या खेळात मी एकदाच हात घातला. तेवढ्यात मी त्यांचं जे घेतलं ते मला अजून परत करता आलेलं नाही.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. माघात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात थोडा उचलता येऊ लागला, हात मात्र मांडीवर ठेवाल तसा पडून राही. मालवणला फिजिओच्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "बोटांना सारखं काम द्या. काहीही चालेल, पण रोज." माझी मुलगी नर्सिंग शिकते. ती शिमग्याला घरी आली आणि तिने आपला जुना मोबाईल आजोबांना देऊन त्यात हा खेळ घालून दिला. बोटाने होडी सरकवायची, खडक चुकवायचे, बंदराला लावायची. असे साठ टप्पे.

बाबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून बोट काचेवर टेकवत. मग मोबाईल धरायला तिसरा हात लागे. तो हात माझा. दुपारची जेवणं आटोपली की पडवीत त्यांच्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसायचं आणि दोन्ही हातांनी मोबाईल धरायचा. तासभर तरी जाई. मला मुळात बोलायची सवय कमी, सासऱ्यांशी तर फारच कमी. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, पण त्यांच्या इतक्या जवळ मी कधी बसले नव्हते. होडी फुटली की मोबाईलमधून 'धप्प' असा आवाज येई आणि बाबा म्हणत, "गेली." मी म्हणे, "परत बघूया." एवढंच आमचं बोलणं.

माझे यजमान कामावरून आले की चेष्टा करत. "काय बाबा, आज किती मासे गावले?"

"तू गप ऱ्हव. मासे नाय, खडक आसत."

कुठल्या टप्प्यावर खेळ संपला म्हणायचा यावरून मात्र फोनवर आजोबा आणि नातीची रोज जुंपायची. मुलगी म्हणे, "आजोबा, होडी फुटली तर जाहिरात बघा. थयसूनच पुढे जावक गावता. साठावो टप्पो इलो की गेम संपलो."

"जाहिरात बघून मिळाललो नारळ माका नको."

"नारळ खंयचो? होडी आसा ती!"

"तुका नाय कळाचा ता."

मला कळत होतं. बाबा तरुण असताना नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवायला जात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्याच्यावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. एका वर्षी समोरच्याचा नारळ पहिल्याच घावात फुटला. बाबांनी फुटलेली भकलं उलटून बघितली तर आत जुनी चीर. त्यांनी दोन्ही भकलं परत दिली आणि ही माझी जीत नाही म्हणून सांगितलं. सोबतचे लोक वैतागले होते. सासूबाई असेपर्यंत ही गोष्ट हसून सांगायच्या.

म्हणून बाबांचा नियम असा होता, की आपल्या बोटाने, एका बैठकीत, जाहिरात न बघता साठावी होडी बंदराला लागली तर खेळ जिंकला. एरवी नाही.

आषाढ लागेपर्यंत एकोणसाठ झाले. तोवर त्यांना सदऱ्याची वरची दोन बटणं लावता येऊ लागली होती. पण साठावी होडी काही जाईना. शेवटी दोन खडकांमध्ये चिंचोळी वाट आहे, तिथे बोट थरथरे. धप्प. गेली. परत बघूया. सगळा आषाढ असा गेला.

श्रावणातल्या त्या दिवशी आठवड्याने ऊन पडलं होतं. घरात आजारी माणूस, गोधड्यांना कुबट वास येत होता. त्या सगळ्या बाहेर घालायच्या होत्या आणि ऊन किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता. माझे हात मोबाईल धरून बसले होते आणि डोळे अंगणात होते. होडी अर्ध्यावर गेली आणि थांबली. बघते तर बाबांचा डोळा लागलेला. डावा हात मनगटावरून घसरला होता. उजवं बोट मात्र काचेवर तसंच टेकलेलं.

मी एका हाताने मोबाईल धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं बोट. हळूच सरकवलं. चिंचोळ्या वाटेतून होडी सरळ गेली. मला वाटलंही नव्हतं इतकी सोपी.

मोबाईलमधून जिंकल्याची पिपाणी वाजली. बाबा दचकून जागे झाले.

"झालो?"

"झालो, बाबा."

"माझ्या बोटान?"

त्यांचं बोट अजून माझ्या मुठीत होतं. मी ते सोडलं आणि म्हटलं, "व्हय. तुमीच नेलास."

दया आली म्हणून केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. थोडी दया होतीही. पण खरं म्हणजे मला उठायचं होतं. मी उठले आणि गोधड्या उन्हात घातल्या.

संध्याकाळी बाबांनी देवासमोर नारळ ठेवायला सांगितला. आमच्याकडे काही चांगलं झालं की घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हणजे जे सांगितलं ते खरं, आम्ही साक्षीला आहोत. वारं गेल्यापासून बाबांची जीभ जड झाली होती, लाज वाटून त्यांनी गाऱ्हाणं सोडलं होतं. त्या दिवशी ते स्वतः भिंतीला धरून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! माझो हात गेललो, तो तू परत दिलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," ह्यांनी म्हटलं. मीही.

"आज ह्या लेकरान आपल्या हातान शेवटची होडी बंदराक लायली म्हाराजा!"

ह्यांनी मोठ्याने म्हटलं. मी समईची वात सारायला वाकले. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. साक्षीला खरी मीच होते ना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाईल घेऊन गेले तर बाबा हसले. "आता कित्याक? जिंकललो खेळ परत खेळाचो नसता." दुसरा एखादा खेळ घालू का, असं मुलीने फोनवर विचारलं, तेही नको म्हणाले. चांगला लढलेला माणूस घरी येऊन बसतो तसे ते बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला साठाव्या होडीची गोष्ट सांगत. मी चहा आणून ठेवी आणि लगेच आत जाई.

चतुर्थीपर्यंत बोटं परत आखडली. आरतीला टाळ धरायला गेले तर टाळ खाली पडला. सदऱ्याची बटणं पुन्हा मी लावू लागले. मालवणच्या बाईंनी हात दाबून बघितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काम का थांबवलंत?" मी म्हटलं, "खेळ संपला, म्हणून." येताना एसटीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, आखडलेला हात मांडीवर. आमच्या कट्टा गावाला उतरेपर्यंत मी ठरवलं.

घरी त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"बाबा, ती शेवटची होडी तुमी नाय नेलास. तुमचो डोळो लागललो. मी तुमचा बोट धरून नेलंय."

त्यांनी हाताकडे बघितलं. "बोट माझा?"

"व्हय."

"आणि जोर?"

"माझो."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि बाकीचे एकोणसाठ?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "ते सगळे तुमचेच, बाबा. देवाशप्पत."

"देवाम्होरं तू एकदा व्हय म्हाराजा म्हटलंस ना गो?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस त्यांनी माझ्या हातची पेज घेतली नाही. ह्यांनी दिली तर घेत. ह्यांना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, "एका गेमसाठी काय इतक्या?" मग बाबांच्या तोंडाकडे बघून पेजेची वाटी उचलून त्यांच्यापाशी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मुलीला फोन लावायला सांगितला.

"गो, ह्येच्यातला सगळा पुसून टाक. पयल्यापासून."

"आजोबा, एकोणसाठ झालेत तुमचे!"

"माझे खंयचे ते माका म्हायत नाय."

मुलीने फोनवरून ह्यांना एकेक बटण सांगितलं आणि ह्यांनी पुसलं. एकोणसाठ टप्प्यांत मी खडक चुकवला नव्हता की बोट हलवलं नव्हतं. पण ते पटवून द्यायला माझ्याकडे होता तो एकच शब्द, आणि तो मी वापरून टाकला होता.

आता दिवाळी होऊन गेली. बाबा तेविसाव्या टप्प्यावर आहेत. भात मोजायची पायली ह्यांनी चौरंगावर उभी करून दिली आहे, मोबाईल तिला टेकवलेला असतो, दोऱ्याने बांधलेला. तिसरा हात लागत नाही. बाबा माझ्याशी बोलतात, पेजही घेतात. काल वरचं एक बटण त्यांनी स्वतः लावलं. मी पुढे झाले तर म्हणाले, "ऱ्हवांदे."

दुपारचा तो तास आता माझा मोकळा असतो. गोधड्या वाळवते, भांडी घासते. स्वयंपाकघरात असले तरी पडवीतून आवाज येतो. धप्प. मग बाबा म्हणतात, "गेली."

'परत बघूया' माझ्या ओठांपर्यंत येतं. ते मला विचारत नसतात, म्हणून मी ते म्हणत नाही. हातातलं भांडं तसंच धरून पुढची होडी सुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबते.