भोक असलेला रंधा घेऊन शहागंजला

"भोक बुजवून आणा, मग प्रदर्शनात ठेवू," असं आमच्या जुन्या हत्यारांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले आणि मी नाशिकहून संभाजीनगरची एसटी पकडली. बुजवणार नाही म्हणजे नाही! चौकटीवर नक्षीची कड काढायचा हा रुंद रंधा मी शहागंजच्या बाजारातूनच घेतला होता. त्याच्या पुढच्या टोकाला आडवं, आरपार भोक आहे. अध्यक्षांच्या मते ते कुणीतरी खुंटीला टांगायला पाडलं. मी स्वतः सुतारकाम करते. खुंटीला टांगलं तर भोकाची एकच बाजू झिजते. इथं भोकाची दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत झालीत. म्हणजे ते टांगायला नव्हतंच; मग कशाला, ते त्या बाजारातच विचारायचं होतं.

येवला-वैजापूर मार्गे अर्धा दिवस जातो. स्थानकावरून शहागंजला रिक्षा मिळते. उतरल्यावर आधी नान खलिया खाऊन घ्या; भरल्या पोटी वाद नीट घालता येतो.

बाजारात विचारत विचारत रफिकभाईंच्या सुतारखान्यात पोचले. रंधा बघताच ते म्हणाले, "हा तर आमच्या अब्बांच्या हातचा नमुना. भोकात दोरी घालून पुढून वढायचे."

"कोण ओढायचं?"

"अम्मा करायची थोडी मदत."

मागं खाटेवर लसूण सोलणाऱ्या अम्मांनी ताट बाजूला सारलं. "थोडी? निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या नंतर गडी मिळंनात, तवापास्नं या घरात बाईच वढती. आधी माझी सासू, मग मी. तुझे अब्बा मागून ढकलायचे. म्या दोरी सोडली की रंधा जागचा हलायचा नाय. मदत म्हनं!"

रफिकभाई हसत उठले आणि दोरी घेऊन आले. मी मागून रंधा ढकलला, अम्मांनी बसल्या जागेवरून ओढला. सागवानाच्या फळीवरून लांबलचक, पातळ छिलका निघाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

परतल्यावर अध्यक्षांनी भोक मान्य केलं. खाली चिठ्ठी लावायची होती: कारागीर, रफिकभाईंचे वडील. मी म्हटलं, अम्मांचंही नाव लिहा.

"त्या तर मदतनीस," अध्यक्ष म्हणाले.

मी रंधा पिशवीत घातला आणि निघाले. प्रदर्शन त्याच्याविना पार पडलं. आता तो माझ्या कामाच्या मेजावर असतो. कुणालाही चालवून बघता येईल, फक्त एकट्यानं येऊ नका.