दोघांनी वाहायचं पोतं

माझी नात मोबाईलचे गेम बनवते. तिचा नवा गेम दोघांचा आहे. एकाच्या मोबाईलवर रस्त्यातले खड्डे दिसतात, दुसऱ्याच्या मोबाईलवर नुसतं पोतं. पाहणाऱ्यानं सांगायचं, वाहणाऱ्यानं न्यायचं. मी जन्मभर कळमन्याच्या बाजारात हमाली केली, तिथूनच तिनं हे उचललं. सोमवारी ऑफिसात दाखवायचं होतं. एकट्याले सुटला तर गेम बाद, असं तिचं म्हणणं.

रविवारी तिनं मले अन् आमच्या म्हातारीले समोरासमोर बसवलं. मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही. म्हातारी चहा मांडायले उठली, तसा मी तिचा मोबाईल मांडीवर घेतला, खड्डे पाहिले अन् पोतं गोदामात नेऊन टाकलं.

"पाह्य! एकट्यानं काढलं."

नातीचं तोंड उतरलं. "आबाजी, तुम्ही जिंकले म्हणजे मी हरली ना!"

म्हातारी आतून म्हणाली, "दोन्ही हात गुंतव वं त्याइचे. हात मोकळे असले का हा माणूस ऐकत नाही."

नातीनं तसंच केलं. आता पोत्यावर दोन्ही अंगठे दाबून ठेवायचे, सुटले का पोतं पडलं. खड्डे दिसायलेही बोट दाबूनच ठेवायचं. मी पायाचा अंगठा लावून पाहिला. म्हातारीनं मोबाईलच हिसकला.

मग दोघं खेळलो. आमच्याकडं डावं-उजवं कोणी म्हणत नाही, गावाच्या नावानं दिशा सांगतात: कोराडी उत्तरेले, कुही पूर्वेले.

"कोराडीकडं घ्या! अजून कोराडीकडं!"

मी कोराडीकडं नेलं. पोतं खड्ड्यात.

"काहून हो, कोराडी विसरले का?"

"तू मले कोराडी शिकवून राहिली? तिकडंच नेलं!"

पुन्हा खड्डा. पुन्हा भांडण. नात आधी हसत होती, मग तिनं दोन्ही मोबाईल निरखून पाहिले. "आजी, चित्र दोघांचं एकच आहे, पण तुमची तोंडं उलटी. खरी कोराडी तुझ्या मोबाईलच्या वरच्या अंगाले, तर यांच्या मोबाईलच्या खालच्या. एका बाजूनं बसा."

"मी काहून उठू? तिनं यावं."

"आबाजी, उद्या दाखवायचं आहे मले."

उठलो. खाटेवर म्हातारीच्या बाजूले जाऊन बसलो.

"कोराडीकडं... बस. आता कुहीकडं. हळू न."

तिनं सांगितलं, मी नेलं, अन् पोतं गोदामात लागलं. नात टाळ्या पिटत सुटली. गेम उघडला का आधी खांद्याले खांदा लावून बसलेल्या दोघांचं चित्र येईल, असं तिनं तिथंच ठरवलं.

मी चपला पाहू लागलो. म्हातारीनं बाही धरली.

"चालले कुठं? दुसरं पोतं आलं."