साहेबांचे बूट

जपानी उंबरठ्यावर सगळी माणसं समान होतात. मंत्री असो, हमाल असो, आपले बूट आपणच काढायचे आणि मग आत जायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोबेमधल्या एका जपानी हॉटेलच्या दारात आमच्या आमदारसाहेबांनी भिंतीला हात टेकला आणि उजवा पाय माझ्यापुढे धरला.

"काढ रे. मला वाकवत नाही."

साहेब मूळचे वकील. शिवाय बागायतदार, कोकणात आंब्याची मोठी बाग. मग आमदार. आता फळांची निर्यात बघायला अभ्यास दौऱ्यावर. त्या बागेचे राखणदार माझे बाबा. मी कोबेतल्या व्यापारी कंपनीत नोकरीला, त्या दिवशी साहेबांचा दुभाषा. टाय लावलेला.

मी वाकलो.

कुणी ढकललं नाही. हात आपसूक नाडीकडे गेले. बाबांचे जायचे तसेच.

कंपनीतल्या मोरी-सान शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच जपानीत विचारलं, "तुमचे वडील का?"

तिथे एवढं वाकून फक्त म्हाताऱ्या बापाचेच बूट काढत असतील.

"नाही," मी म्हणालो. "माझे वडील यांच्याकडे असतात."

जेवताना साहेबांनी भाषण केलं. "आमच्या बागेत मालक-गडी असा भेद नाही. सगळे एका घरातले." मी भाषांतर केलं. टाळ्या पडल्या. बाबा चौथी शिकलेत, त्यांना सही येते. तरी दर मोसमाआधी साहेब एका कागदावर त्यांचा अंगठाच घेतात. "सही बदलते रे, अंगठा बदलत नाही." कागदावर काय लिहिलंय ते बाबांनी कधी वाचलं नाही. वाचणं उद्धटपणा झाला असता.

निघताना पाय पुन्हा पुढे आला. मी ताठ उभा राहिलो.

"साहेब, तुमचे तुम्ही घाला."

"शिंगं फुटली तुला. बापाला कळवू?"

"कळवा."

साहेब पायरीवर बसले. चांगले वाकले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बाबांच्याच अक्षरात.

"साहेबांनी बागेतलं आपलं घर खाली करायला सांगितलंय. तुझी आई याच घरात गेली. चार ओळी माफीच्या लिही. त्यांचे पाय धर. मी जन्मभर धरले, काही झिजलो नाही."

खाली सही. वळणदार, नीट.

मी स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. गाड्या वेळेवर येत होत्या. मला एकीतही चढता येईना.

माफी लिहिली नाही. लिहिलं ते एवढंच: "बाबा, घर सोडू नका. अंगठा देऊ नका. तीस वर्षं राहिलात त्या घरावर तुमचा हक्क किती, ते कोर्टाला विचारू. तुम्ही नाही बोललात तरी चालेल. मी बोलेन."

रजा टाकून गावी गेलो. दावा लावायचाच होता, म्हणून आधी वकील शोधायला निघालो. तालुक्यात जमिनीचे दावे चालवणारे चार होते. तिघं साहेबांच्या हाताखाली शिकलेले. चौथे साहेब.